गाडीतलं घर चालवायचं तर बॅटरी कुठली घ्यायची? त्याआधी, ती भरणार कशी?

टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. सीटा काढल्या. सुताराने प्लायचा पलंग, ओटा, कपाटं बसवून दिली. पाण्याची टाकी आली, छोटा फ्रिज आला, दोन पंखे आले. गाडीचं घर झालं असं वाटत असतानाच प्रश्न येतो, हे सगळं चालणार कशावर? मग ओळखीतलं कुणीतरी सांगतं, "अरे, घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी पडूनच आहे ना, तीच टाक की."

असा सल्ला देणारा माणूस प्रत्येक ग्रुपवर एक तरी असतोच. सल्ला अगदीच टाकाऊ नाही. पण त्यातून होणारी फजिती साधारण पहिल्या-दुसऱ्या मुक्कामी, रात्री तीनच्या सुमाराला होते. पंखा मंदावतो, फ्रिज टिकटिक करून बंद पडतो आणि सकाळी दूध नासलेलं असतं. हे झालं स्वस्तातलं नुकसान. बंद गाडीत घरचे झोपलेले असताना बॅटरीतून वायू बाहेर पडला किंवा वायर तापून पेटली, तर ते महागातलं.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याच वर्षी केरळनेही आपलं धोरण जाहीर केलं. तेव्हापासून तयार कॅराव्हॅन भाड्याने घेणारे वाढले आणि स्वतःची गाडी बदलून घेणारे हौशी लोकही वाढले. (गाडीत असा बदल केला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल, हे सांगायला नको.) या मंडळींचा सगळ्यात जास्त वेळ रंग, पडदे आणि कपाटांत जातो. सगळ्यात कमी वेळ बॅटरीवर जातो. खरं तर उलटं व्हायला हवं.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. गाडीला मुळात जी बॅटरी असते ती इंजिन सुरू करण्यापुरती. दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर करंट द्यायचा आणि लगेच अल्टरनेटरकडून परत भरून घ्यायचा, एवढंच तिचं काम. तिच्या आतल्या प्लेट पातळ असतात. रात्रभर पंखा चालवून ती रिकामी केली तर सकाळी गाडीला धक्का मारायची वेळ येते, आणि असं पाच-पंचवीस वेळा झालं की बॅटरी बादच. म्हणून राहण्याच्या भागाला वेगळी बॅटरी लागते. तिला हाऊस बॅटरी म्हणतात. दोन्हींचा संसार वेगळा ठेवायचा.

आधी कागद-पेन घ्या

समजा चार जणांचं कुटुंब आहे आणि मुक्काम कोकणात आहे. १२ व्होल्टवर चालणारा ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४ अँपिअर घेतो. उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालतो असं धरलं, तर २४ तासांत ४८ अँपिअर-अवर, म्हणजे ४८ एएच झाले. दोन पंखे, प्रत्येकी २ अँपिअर, रात्रीचे ८ तास, हे ३२. एलईडी दिवे ५. चार मोबाइल ५. लॅपटॉप एकदा चार्ज केला तर आणखी ५. पाण्याचा पंप दिवसभरात मिळून अर्धा तास चालला तर ३. मिक्सरवर चटणी वाटली, त्याचे ५. बेरीज शंभरच्या थोडी वर जाते.

म्हणजे साध्या राहणीला दिवसाचे १०० एएच. हा आकडा लक्षात ठेवा.

आता यात इंडक्शन शेगडी टाका. १५०० वॉटची शेगडी दिवसातून एक तास चालली तर एकटीच १३० एएच खाते. आणि एसी? छोट्या इन्व्हर्टर एसीचा सरासरी वापर ७०० वॉट धरला तरी आठ तासांच्या झोपेला साडेचारशे एएचच्या वर लागतात. फ्रिज, पंखे, दिवे सगळे मिळून जेवढं खातात त्याच्या चौपट. त्यामुळे "एसी पण चालला पाहिजे" हे वाक्य बोलण्याआधी बजेट आणि गाडीचं छप्पर, दोन्ही एकदा बघून घ्यावं. वायर लावलेल्या मुक्कामी एसी आणि बाकी ठिकाणी पंखा, हा शहाणपणाचा सौदा आहे.

टाकी मोठी, पण नळाला पाणी किती वेळ?

इथे बहुतेकांची चूक होते. १०० एएच लागतात म्हटल्यावर लोक दुकानात जाऊन मोठ्यात मोठी बॅटरी बघायला लागतात. पण बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी. हजार लिटरची बसवली आणि नळाला पाणी अर्धा तासच येत असेल, तर टाकी कधीच भरणार नाही. फिरत्या घरात नळ नेहमी असाच असतो. तीन तास गाडी चालली तर चार्जिंग तीन तास. ढग आले तर सोलर बंद. ढाब्यावर प्लग मिळाला तर एखादा तास. फिरतीवरचं चार्जिंग असं तुकड्या-तुकड्यांत होतं. त्यामुळे बॅटरी निवडताना खरा प्रश्न "किती एएच?" हा नाहीच. अर्धवट भरणं कुठली बॅटरी सहन करते, हा आहे.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी इथेच नापास होते. ती लेड-ॲसिड प्रकारातली. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली जी बॅटरी बनवली, तिचीच ही पणती. घरात एका जागी ठेवली तर उत्तम चालते. दिवसातून एक-दोन तास वीज जाते, उरलेले बावीस तास ती आरामात भरत बसते. १५० एएचच्या ट्युब्युलरला साधारण १५ अँपिअरनेच चार्ज करायचं असतं. ८० टक्क्यांपर्यंत ती बऱ्यापैकी भरते. पुढे तिची करंट घेण्याची ताकदच कमी होत जाते आणि शेवटच्या २० टक्क्यांना चार-पाच तास सहज लागतात. घरात याची कुणाला फिकीर नसते. गाडीत मात्र पुणे ते महाबळेश्वर तीन तासांत संपतं आणि बॅटरी अर्धवट राहते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण न भरता ठेवली की आतल्या प्लेटवर सल्फेटचे खडे धरतात. एकदा ते घट्ट झाले की क्षमता गेली ती परत येत नाही. वर्षभरात दीडशेची बॅटरी सत्तर-ऐंशीसारखी वागायला लागते आणि मालक कंपनीला शिव्या घालतो.

शिवाय १५० एएच हा आकडाही नीट वाचावा लागतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर सहसा 'सी२०' लिहिलेलं असतं. म्हणजे २० तासांत सावकाश, साडेसात अँपिअरने रिकामी केली तर १५० मिळतील. भराभर उपसली तर त्याहून बरेच कमी. सोलरसाठी विकल्या जाणाऱ्या बॅटरीवर 'सी१०' असतं, ते १० तासांचं माप. दोन बॅटऱ्यांवर १५० लिहिलेलं असलं तरी सी१० वाली सरस. आणि आयुष्य टिकवायचं तर यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे हातात उरले ७५. बॅटरीचं वजन ५० ते ६० किलो. रोजच्या १०० एएचसाठी अशा दोन लागतील. गाडीत एक जास्तीचा धडधाकट माणूस कायमचा बसवल्यासारखं झालं, तोही भाडं न देणारा.

मधला पर्याय एसएमएफचा, म्हणजे यूपीएसमध्ये असते ती सीलबंद बॅटरी. तिच्यात पाणी घालावं लागत नाही, ॲसिड सांडत नाही, नेहमीच्या चार्जिंगमध्ये वायू जवळपास बाहेर येत नाही. पण आत शिसंच आहे, त्यामुळे अर्धवट भरण्याचं दुखणं तिलाही आहे.

आता लिथियम. लिथियम म्हणजे एकच बॅटरी नव्हे, हे आधी समजून घ्या. गाडीच्या घराला जी हवी ती लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारात तिला एलएफपी म्हणतात. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून या पदार्थावरचा शोधनिबंध आला. त्यावर अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं गुडइनफ यांच्या सोबतीने आहेत. गुडइनफ यांना पुढे २०१९ साली लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

या बॅटरीची गंमत अशी की तिला अर्धवट भरण्याचं काहीही वाटत नाही. ४० टक्क्यांवर थांबली, ठीक. ८५ वर थांबली, ठीक. १०० एएचमधले ८०-९० बिनधास्त वापरता येतात आणि वजन ११ ते १३ किलो. ५० अँपिअरने चार्ज केली तर दोन तासांत भरते. म्हणजे तीच पुणे-महाबळेश्वरची तीन तासांची वाट, ३० अँपिअरचा चार्जर, आणि ९० एएच टाकीत. साध्या राहणीचा जवळपास पूर्ण दिवस निघाला. रोज फिरणाऱ्याला १५० एएचची एलएफपी पुरते, एका जागी दोन रात्री काढायच्या असतील तर २०० ची घ्यावी.

किंमत ट्युब्युलरच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त जाते, हे खरं. पण ती वापरता येणाऱ्या एएचवर आणि वर्षांवर भागून बघा. फिरणाऱ्या गाडीसाठी एलएफपीच घ्यावी. अपवाद एकच. गाडी वर्षातले बहुतेक दिवस शेतघरावर किंवा सोसायटीत वायर लावून उभी राहते आणि महिन्यातून एखादी रात्र बाहेर जाते, तर एसएमएफ पुरेशी आहे. उरलेल्या पैशांत डिझेल भरा.

ऑनलाइन "लिथियम" म्हणून फार स्वस्त मिळणाऱ्या पेट्यांपासून लांब राहा. काहींत जुन्या ई-रिक्षांचे किंवा लॅपटॉपचे सेल जोडलेले असतात, काहींत एलएफपी नसून एनएमसी नावाचं दुसरंच रसायन असतं. ते कमी तापमानालाच भडकतं. २०२२ साली देशात ठिकठिकाणी ई-स्कूटरना आगी लागल्या, पुण्यातही लागली, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. रस्त्यावर उभी स्कूटर पेटणं वेगळं आणि ज्यावर मुलं झोपलीत त्या पलंगाखालची पेटी पेटणं वेगळं.

भरायचे तीन रस्ते

पहिला, गाडीचा अल्टरनेटर. मेकॅनिकच्या भाषेत डायनॅमो. बरेच जण मूळ बॅटरीवरून एक जाड वायर ओढून हाऊस बॅटरीला जोडतात आणि मध्ये एक रिले टाकतात. जुन्या गाड्यांत लेड-ॲसिडला हे चालून जायचं. आता दोन अडचणी आहेत. अनेक बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर 'शहाणा' झालाय. मूळ बॅटरी भरली की डिझेल वाचवण्यासाठी तो व्होल्टेज कमी करतो. मग मागची बॅटरी उपाशी. दुसरी अडचण उलटी आहे. लिथियम बॅटरी करंट घेताना हात आखडत नाही. थेट जोडली तर अल्टरनेटर देऊ शकेल तेवढं सगळं ती ओढते. घाटात ट्रॅफिकमध्ये गाडी उभी, इंजिन मंद फिरतंय, अल्टरनेटरचा पंखाही मंद, आणि करंट मात्र पूर्ण. अशा वेळी अल्टरनेटर जळतो. तेही नेमका घाटात.

दोन्हींवर उपाय एकच, डीसी-टू-डीसी चार्जर. तो मध्ये बसतो, इंजिन चालू असेल तेव्हाच करंट घेतो, ठरवलेल्या मर्यादेतच घेतो आणि हाऊस बॅटरीला हवं तेच व्होल्टेज देतो. ३० अँपिअरचा चार्जर बहुतेकांना पुरतो. अल्टरनेटरच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आत राहिलेलं बरं. ज्याला वाटतं की या डब्यावर कशाला पैसे घालवायचे, त्याने नव्या अल्टरनेटरची किंमत विचारून यावी.

दुसरा रस्ता सोलर. ३३० वॉटचं पॅनल साधारण दोन मीटर बाय एक मीटरचं असतं. छपरावर ते आडवं झोपवलेलं असल्याने आणि उन्हात तापल्याने पूर्ण ३३० कधीच देत नाही. चांगल्या उन्हाच्या दिवशी एक पॅनल बॅटरीत ७५-८० एएच घालतं. पावसाळ्यात यातलं फार थोडं हाती लागतं. आणखी एक गंमत म्हणजे उन्हाळ्यात माणूस गाडी झाडाखाली लावतो आणि पॅनलवरच सावली पाडतो. गाडीला सावली हवी, पॅनलला ऊन हवं, हा संसार जमवायचा तर एक घडीचं पॅनल लांब वायरने बाहेर मांडायची सोय ठेवावी.

सोलरमध्ये पैसे वाचवायला जाऊन लोक फसतात ते कंट्रोलरवर. ३३० वॉटचं पॅनल ३७ व्होल्टच्या आसपास सुमारे ९ अँपिअर देतं. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर ते ३७ व्होल्ट खाली खेचून बॅटरीच्या साडेतेरावर आणतो, अँपिअर मात्र तेवढेच ठेवतो. ९ गुणिले साडेतेरा, म्हणजे १२० वॉट. उरलेले २०० वॉट गेले. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीच्या व्होल्टचे अँपिअर करून देतो. पॅनल मोठं आणि बॅटरी १२ व्होल्टची असेल तर एमपीपीटीशिवाय दुसरा विचारच करू नये.

तिसरा रस्ता म्हणजे साधा प्लग. इथे एक गैरसमज आहे की बॅटरी चार्ज करायला ढाब्यावर किंवा रिसॉर्टवर मोठा पॉवर सॉकेट मागावा लागतो. ३० अँपिअरचा चार्जर बॅटरीच्या बाजूला ३० अँपिअर देतो, पण २३० व्होल्टच्या बाजूला फक्त दोन अँपिअरच्या आसपास घेतो. टीव्हीच्या प्लगवरही चालतो. मात्र बाहेरच्या प्लगचं अर्थिंग देवाच्या भरवशावर असतं. गाडीचा पत्रा जिवंत झाला तर पायरीवर ओल्या पायाने उभं राहिलेल्याला झटका बसतो. म्हणून गाडीत शिरणाऱ्या लाइनवर आरसीसीबी बसवलेला असलाच पाहिजे आणि प्लग लावण्याआधी सॉकेट टेस्टरने अर्थिंग बघून घ्यावं. घरचा जुना इन्व्हर्टर चार्जर म्हणून वापरणार असाल तर त्यात लिथियमचं सेटिंग आहे का ते पाहा. लेड-ॲसिडच्या काही सेटिंगमध्ये व्होल्टेज पंधराच्या वर जातं, तर १२ व्होल्टच्या एलएफपीला १४.२ ते १४.६ च्या वर काही नको असतं.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एक ठिणगी पुरते. घराच्या पॅसेजमध्ये तो उडून जातो, बंद गाडीत साठतो. ट्युब्युलर वापरायचीच असेल तर ती बंद पेटीत, आणि पेटीच्या वरच्या बाजूने गाडीबाहेर हवा जाण्याची नळी हवीच. सडक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जिंग थांबवा, दारं उघडा आणि बाहेर या.

१२ व्होल्टला हात लावला तर झटका बसत नाही, म्हणून लोक तो खेळ समजतात. पण १५०० वॉटच्या शेगडीला १२ व्होल्टवर १४० अँपिअर लागतात. घरातला २००० वॉटचा गिझर ९ अँपिअर घेतो, म्हणजे हिशेब करा. एवढा करंट बारीक वायरीतून किंवा ढिल्या लगमधून गेला की वायर तापते, प्लाय तापतो. इलेक्ट्रिशियनला "जाड वायर टाक" एवढं सांगून भागत नाही, इन्व्हर्टरला ५० स्क्वेअरची तांब्याची आणि शक्य तितकी आखूड वायर सांगा. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज असला पाहिजे. पुढे कुठे कपाटाच्या स्क्रूने वायर सोलली तर तोच एक फ्यूज आगीच्या आणि तुमच्या मध्ये उभा असतो.

लडाख किंवा स्पितीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पाठ करावी. एलएफपी बॅटरी शून्य अंशाखाली वापरता येते, पण चार्ज करता येत नाही. तसं केलं तर आत धातूरूप लिथियमचा थर साचतो आणि बॅटरी कायमची बिघडते. बॅटरी घेताना तिच्या बीएमएसमध्ये थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय आहे का, हे विचारा आणि बॅटरी गाडीखाली न लटकवता राहण्याच्या भागात ठेवा. विदर्भातल्या उन्हाळ्याचं दुखणं उलटं. ४५ अंशांच्या वर चार्जिंग टाळायचं, म्हणून बॅटरी इंजिनच्या भिंतीला चिकटवू नका.

किती चार्ज उरलाय हे बघायला लोक व्होल्टमीटर लावतात. लेड-ॲसिडला तो थोडाफार खरं सांगतो. एलएफपीचं व्होल्टेज मात्र ९० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत जवळपास तसंच राहतं आणि मग एकदम कोसळतं. तिला शंटवाला बॅटरी मॉनिटर लावावा. तो आत आलेले आणि बाहेर गेलेले अँपिअर मोजून उरलेले टक्के सांगतो.

आणि जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहणार असेल तर लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा परत भरा. एलएफपी मात्र निम्म्यावर आणून ठेवा. दोन्हींत मुख्य स्विच बंद करा. यूएसबीचे पॉइंट, गॅसचा अलार्म आणि म्युझिक सिस्टीम बंद दिसत असले तरी थेंब थेंब पीतच असतात, आणि गणपतीला गावी निघायच्या दिवशी ते कळतं.